कपाळाआडच्या पोकळ्या

पडसे चिघळले की डोके जड होते. भुवयांच्या वर आणि गालांत ठणका लागतो. जेथे ही वेदना होते, तेथील हाड भरीव नसते. गालांची हाडे, कपाळाचे हाड, दोन डोळ्यांमधील चाळणीसारखे हाड आणि कवटीच्या तळाशी असलेले हाड अशा चार ठिकाणी हवेने भरलेल्या पोकळ्या असून त्या अरुंद वाटांनी नाकात उघडतात. यांनाच सायनस म्हणतात. कपाळातील पोकळी जन्मतः तयार झालेली नसते. हा पाठ वाचणाऱ्या मुलांच्या कपाळात ती अजून वाढतच आहे!

१८९५ साली राँटगेनने क्ष-किरण शोधले आणि जिवंत माणसाच्या कवटीतील या पोकळ्या दिसू लागल्या. १९७१ साली लंडन येथे हाउन्सफील्डच्या यंत्राने एका रुग्णाच्या मेंदूचे सीटी स्कॅन झाले. तेव्हापासून शस्त्र न लावता मस्तकाचे चकत्यांसारखे थर पाहता येऊ लागले. साहजिकच देशोदेशींच्या लोकांच्या पोकळ्यांची तुलना सुरू झाली. कॅनडा व अलास्का येथील इन्युइट लोकांत कपाळातील पोकळी पुष्कळदा लहान असते, कित्येकांत तर मुळीच नसते, असे आढळले. कडाक्याची थंडी हे त्याचे कारण असावे, असे काही अभ्यासकांनी सुचविले आहे.

परंतु अशा तुलनेतून हाती येते ती सरासरी. आणि सरासरीला कपाळ नसते! एकाच गावातील दोन माणसांत, नव्हे, जुळ्या भावांतही कपाळातील पोकळीची आकृती भिन्न असते. म्हणूनच १९२७ साली कल्बर्ट व लॉ या अमेरिकन डॉक्टरांनी या पोकळ्यांची जुनी व नवी क्ष-किरणचित्रे ताडून एका मृत मनुष्याची ओळख पटविल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला.

शस्त्रवैद्याला मात्र हा भेद जिवावरचा वाटतो. चाळणीसारख्या हाडातील सर्वांत मागची पोकळी काही माणसांत आणखी मागे पसरते आणि डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूला भिडते. हंगेरीतील वैद्य ओनोडी यांचे नाव तिला मिळाले आहे. पूर्व आशियातील लोकांत ती अधिक आढळते, असे अनेक पाहण्यांत दिसून आले. तथापि ती कोणत्याही देशाच्या माणसात असू शकते. तिची कल्पना नसताना हत्यार थोडे पुढे गेले, तर दृष्टी जाण्याचा धोका असतो. यासाठी शस्त्रक्रियेपूर्वी वैद्य त्या रुग्णाचेच स्कॅन समोर ठेवतो आणि तो मज्जातंतू कोठून गेला आहे, हे उजव्या व डाव्या बाजूस वेगवेगळे पाहून घेतो.