घरच्या वर्कशॉपसाठी वेल्डिंग मशीन कसे निवडावे?

आपल्या समाजातील अनेक तरुण आय.टी.आय.मधून वेल्डरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण करतात आणि दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये काही वर्षे काढतात. त्यानंतर घराच्या पडवीत स्वतःचे काम सुरू करावे, असे त्यांना वाटणे स्वाभाविक आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि तंत्रशिक्षणाची योजना त्यांच्या खात्याकडे होती. हातच्या कसबाचे मोल आपल्याला वेगळे सांगायला नको. परंतु भांडवल बहुधा कर्जाचे असते, मग ते बँकेचे असो वा १९७८ साली स्थापन झालेल्या महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाचे. मशीन चुकले तर हप्ता घरच्या ताटातून जातो. म्हणून ही निवड कशी करावी, याविषयी आम्ही येथे थोडक्यात लिहीत आहोत.

आज बाजारात ‘आर्क, मिग, टिग – तीन कामे एकाच मशीनमध्ये’ अशी इन्व्हर्टर मशीन मिळतात. या तिन्ही पद्धतींचा उपयोग वेगवेगळा आहे. आर्कमध्ये रॉड वापरतात. तिला गॅस लागत नाही, वाऱ्यात व उघड्यावर काम होते आणि थोडा गंज असला तरी जोड लागतो. ग्रिल, गेट, शेतीची अवजारे यांचे बहुतेक काम हिच्यावर भागते. मिगमध्ये रिळावरची तार आपोआप पुढे सरकते. पातळ पत्रा आणि चौकोनी पाइप यांवर काम जलद व स्वच्छ होते. पण कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लागतो आणि वाऱ्याने गॅस उडाला की जोडात छिद्रे पडतात. टिगला आर्गॉन गॅस व टंगस्टन लागते. काम संथ, पण स्टेनलेस स्टीलच्या रेलिंगवर जोड सुबक दिसतो.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. अशा बहुतेक मशीनमधील टिग फक्त डी.सी. असते. तिच्यावर लोखंड व स्टेनलेस स्टील होते. ॲल्युमिनियमच्या टिगला साधारणपणे ए.सी. लागते. शिवाय टिगची टॉर्च पुष्कळदा वेगळी विकत घ्यावी लागते. गॅसशिवाय चालणाऱ्या तारेने मिग करायचे असेल, तर मशीनमध्ये प्लस-मायनस बदलण्याची सोय हवी. कारण साधी तार प्लसवर आणि ही तार सहसा मायनसवर चालते. रीळ किती किलोचे बसते, हेही पाहावे. मोठे रीळ किलोमागे स्वस्त पडते.

दुसरा प्रश्न विजेचा. १०० अँपियरवर आर्क चालवताना साधारण ३ किलोवॅट वीज लागते, आणि साध्या इन्व्हर्टरवर लाइनमधून १७-१८ अँपियर प्रवाह जाऊ शकतो. म्हणजे घरातील १६ अँपियरचा सॉकेट तेथेच अपुरा पडतो. २०० अँपियरवर हाच आकडा ४० च्या आसपास जातो. तेव्हा २०० अँपियरचे मशीन घेऊन घरच्या वायरिंगवर ते अर्ध्या ताकदीनेच चालवायचे असेल, तर जादा पैसे कशासाठी मोजायचे? आधी वीज कंपनीच्या कार्यालयात जाऊन मंजूर भार वाढवून घ्यावा, धंद्यासाठी कोणता दर लागू होतो ते विचारावे, मीटरपासून स्वतंत्र जाड वायर व एम.सी.बी. टाकावा आणि अर्थिंग तपासून घ्यावे.

तिसरी गोष्ट ड्यूटी सायकलची. पाटीवर ‘२०० अँपियर, ३५ टक्के’ असे लिहिलेले असते. याचा अर्थ दहा मिनिटांपैकी साडेतीन मिनिटे त्या प्रवाहावर काम आणि उरलेला वेळ विश्रांती. तेच मशीन अखंड चालवायचे तर प्रवाह १२० अँपियरच्या आतच ठेवावा लागतो. २.५ मि.मी.च्या रॉडला ६० ते ९० आणि ३.१५ मि.मी.च्या रॉडला ९० ते १३० अँपियर लागतात. आपल्या कामाचा रॉड कोणता, हे ठरले की मशीनचा आकार आपोआप ठरतो.

म्हणून आमचे सांगणे असे की, खोक्यावर किती पद्धती लिहिल्या आहेत ते मोजण्याआधी पुढील सहा महिन्यांत कोणती कामे हाती येणार आहेत, त्यांची यादी करावी. सारे काम ग्रिल आणि गेटचे असेल तर चांगले आर्क मशीन पुरते. पातळ पाइपचे फर्निचर, गाड्यांचा पत्रा अशी कामे खात्रीने मिळणार असतील आणि जवळपास सिलिंडर भरून मिळत असेल, तरच मिगसह मशीन घ्यावे. दुरुस्ती आणि सुटे भाग आपल्याच तालुक्यात मिळतात का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. जुन्या रॉडने स्वतः टाका मारून पाहावा.

मशीनच्या पैशातूनच सुरक्षेचा खर्च बाजूला काढावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगचा धूर व त्यातील अतिनील किरणे मानवास कर्करोगकारक ठरवली आहेत. झिंक चढवलेल्या पाइपचा धूर छातीत गेला तर त्याच रात्री थंडीताप भरतो. जोडाच्या जागेचे झिंक आधी घासून काढावे. चांगले हेल्मेट, चामड्याचे हातमोजे, सुती कपडे व मोकळी हवा हवीच. वस्तीत घरे लागून असतात, लेकरे कुतूहलाने उजेडाकडे बघतात आणि रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी रडतात. त्यांच्यासाठी कामाभोवती आग न धरणारा पडदा लावावा. सिलिंडर साखळीने भिंतीला बांधून उभाच ठेवावा.

तथागतांनी अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका सांगितली आहे. आपल्या कमाईने कोणाला इजा होऊ नये, हा तिचा साधा अर्थ. ज्या गेटला लहान मूल लोंबकळणार आहे, त्याचा जोड पक्का असणे आणि शेजारच्या लेकराचे डोळे शाबूत राहणे, हा वेल्डरचा धम्मच आहे. असे काम करणाऱ्याकडे गिऱ्हाईक पुन्हा येते आणि कर्जही वेळेवर फिटते.