केंब्रिज विद्यापीठ, इंग्रजी विभाग

इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाचा इंग्रजी भाषा-साहित्याच्या अध्ययनाचा विभाग. विसाव्या शतकातील समीक्षेला त्याने नवे वळण दिले. १८७८ मध्ये येथील अँग्लो-सॅक्सनच्या अध्यासनावर वॉल्टर स्कीट यांची नियुक्ती झाली. तथापि इंग्रजीचा अभ्यास दीर्घकाळ मुख्यतः भाषेतिहासापुरताच मर्यादित होता. निव्वळ साहित्यवाचनाची काटेकोर परीक्षा घेता येणार नाही, अशी शंका विद्वानांना वाटे. वृत्तपत्रमालक हॅरल्ड हार्म्झवर्थ यांच्या देणगीतून १९१० मध्ये राजा सातवा एडवर्ड याच्या नावे इंग्रजी साहित्याचे अध्यासन स्थापन झाले. भाषाशास्त्रीय दृष्टीपेक्षा साहित्यिक व समीक्षात्मक दृष्टीने अध्यापन व्हावे, अशी त्याची अट होती. १९१२ पासून आर्थर क्विलर-कूच या पदावर होते. १९१७ मध्ये इंग्रजीची ‘ट्रायपॉस’ ही स्वतंत्र पदवीपरीक्षा मंजूर होऊन अँग्लो-सॅक्सन ऐच्छिक ठरले. विशेष म्हणजे त्याच भाषेचे प्राध्यापक एच्. एम्. चॅडविक यांनी या बदलाचा पुरस्कार केला.

भाषाशास्त्राची सक्ती गेल्यावर नव्या शिस्तीची गरज भासली. ती आय्. ए. रिचर्ड्‌स यांनी पुरविली. कवींची नावे न देता त्यांनी विद्यार्थ्यांना कविता वाचावयास दिल्या व लेखी अभिप्राय मागविले. सुशिक्षित वाचकही कवितेचा साधा अर्थ लावताना चुकतात, असे त्यांतून दिसले. प्रॅक्टिकल क्रिटिसिझम (१९२९) या ग्रंथात त्यांनी या प्रयोगाचे विवेचन केले. त्यांचे शिष्य विल्यम एम्पसन यांनी काव्यातील अनेकार्थतेची चिकित्सा केली, तर एफ्. आर्. लीव्हिस यांनी स्क्रूटिनी (१९३२–५३) या नियतकालिकातून साहित्याच्या मूल्यमापनावर भर दिला. अपरिचित उताऱ्याचे सूक्ष्म वाचन परीक्षेचा भाग बनले आणि साहित्यवाचनालाही शिस्त असू शकते, हे मान्य झाले. ही पद्धती पुढे इतर देशांतील विद्यापीठांतही रुजली.