चाकाची घरघर आणि वॉरंटीची मुदत

मिक्सरचा आवाज बदलला, पंखा कुरकुरू लागला किंवा पाण्याची मोटर कोरडी फिरू लागली, की घरात ते सर्वांत आधी कुणाला कळतं? अर्थात आपल्यालाच! मग तोच कान गाडीत बसल्यावर का बरं गप्प राहावा?

आज आपल्यापैकी कितीतरी जणी स्वतः गाडी चालवतात. हौसेनं घेतलेली गाडी वर्ष-दीड वर्षाची होते, वॉरंटी अजून बाकी असते, आणि एक दिवस चाकाकडून ‘घुंऽऽ’ असा आवाज येऊ लागतो. सर्व्हिस सेंटरमध्ये सांगावं, तर उत्तर मिळतं, “मॅडम, टायरचा आवाज आहे. येतोच तो.” आपण निमूटपणे परत येतो. आवाज वाढत जातो, महिने सरत जातात आणि मुदत उलटल्यावर त्याच काउंटरवरून सांगतात, “बेअरिंग गेलंय, मॅडम. वॉरंटी संपली, खर्च तुम्हाला पडेल.”

मैत्रिणींनो, हे टाळता येतं. त्यासाठी मेकॅनिक व्हायला नको. आवाज ओळखायचा आणि मुदत संपायच्या आत तो कागदावर चढवायचा, एवढंच!

बेअरिंग म्हणजे काय?

चाक ज्यावर अलगद फिरतं, ते बेअरिंग. पोलादाची दोन कडी, एकात एक बसवलेली. मधल्या जागेत गुळगुळीत पोलादी गोळ्या आणि ग्रीस. गाडीचं सारं वजन या गोळ्यांवर असतं. जुन्या गाड्यांची पुढची बेअरिंगं काढून, धुऊन, ग्रीस भरून पुन्हा बसवत असत. आताच्या बहुतेक मोटारींत ती कायमची बंद असतात. त्यात मालकानं ग्रीस भरायचं नसतं, की काही घट्ट करायचं नसतं. म्हणून “तुम्ही देखभाल केली नाही” हे कारण कुणी पुढं केलं, तर “पुस्तकात बेअरिंगची कोणती देखभाल सांगितली आहे, ते दाखवा” असं खुशाल विचारा.

बेअरिंग बिघडतं ते बहुधा आत पाणी किंवा माती शिरल्यानं, जोराच्या खड्ड्यानं, फुटपाथच्या कडेला चाक आपटल्यानं, किंवा मुळातच भाग सदोष असल्यानं. गोळ्यांच्या वाटेवर बारीकसे खड्डे पडले, की घरघर सुरू होते.

टायर की बेअरिंग?

हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण टायर आणि बॅटरी यांची वॉरंटी साधारणपणे त्या-त्या वस्तूच्या कंपनीची असते, गाडीच्या कंपनीची नव्हे. ‘टायरचा आवाज’ असं एकदा ठरलं, की तुमची तक्रार दुसऱ्याच दारात जाते. तेव्हा पुढच्या गोष्टी स्वतः पारखून पाहा.

एक, वेग. बेअरिंगची घरघर गाडीच्या वेगाबरोबर वाढते. त्याच वेगात गिअर बदलून पाहा. इंजिनाचा सूर बदलला, पण घरघर तशीच राहिली, तर आवाज चाकांकडचा आहे.

दोन, रस्ता. टायरचा आवाज रस्त्याप्रमाणे बदलतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या काँक्रीटवर चांगले टायरसुद्धा गुणगुणतात आणि गुळगुळीत डांबरावर आले की शांत होतात. बेअरिंग मात्र कुठल्याही रस्त्यावर आपलं गाणं सोडत नाही.

तीन, वळण. गाडी उजवीकडे वळली, की वजन डाव्या चाकांवर येतं. तेव्हा घरघर वाढली, तर बहुधा डावीकडचं बेअरिंग. डावीकडे वळताना वाढली, तर उजवीकडचं. ही पारख मोकळ्या रस्त्यावर, बेताच्या वेगात करावी. चालवणारीनं रस्त्याकडे लक्ष द्यावं, कान शेजारी बसणाऱ्यानं द्यावा.

चार, टायरची अदलाबदल. पुढचे टायर मागे लावल्यावर आवाजही मागे गेला, तर दोष टायरचा. आवाज जागच्या जागी राहिला, तर बेअरिंगचा संशय पक्का.

गाडी जॅकवर घेऊन चाक हलवून पाहणं हे काम मात्र गॅरेजवाल्यावर सोडा. तो चाक वरून-खालून धरून हलवतो आणि हाताला खेळ लागतो का ते बघतो. पण एक लक्षात ठेवा, सुरुवातीला खेळ मुळीच नसतो, नुसती घरघर असते. “प्ले नाही, म्हणजे बेअरिंग ठीक” एवढ्यावर समाधान मानू नका. ट्रायलला त्यांच्या माणसाबरोबर स्वतः बसा आणि आवाज येईल तेव्हा “हा बघा!” असं सांगा.

घरघरीकडे दुर्लक्षही नको. बेअरिंग फारच झिजलं, तर चाक डगमगू लागतं, तापतं आणि अगदी टोकाला ते जाम होण्याची किंवा निखळण्याची भीती असते. कित्येक गाड्यांत एबीएस ब्रेकचा सेन्सर तिथंच असल्यानं डॅशबोर्डवर त्याचा दिवाही लागतो. आवाजाचा छडा लागेपर्यंत मुलाबाळांना घेऊन लांबचा प्रवास करू नये, हेच शहाणपणाचं.

तोंडी नको, लेखी हवं

वॉरंटी वर्षांत आणि किलोमीटरमध्ये दिलेली असते. त्यांतलं जे आधी पुरं होईल, तिथं ती संपते. तुमच्या गाडीचं पुस्तक उघडून तीन गोष्टी वाचा: मुदत किती, झिजणाऱ्या वस्तूंच्या यादीत काय-काय आहे आणि कोणत्या कारणांनी वॉरंटी नाकारता येते. ब्रेक पॅड, वायपरचं रबर अशा वस्तू त्या यादीत सहसा असतात. बेअरिंगचं नाव त्यात आहे का, ते नेमकं पाहा. नसेल, तर ते पान खूण घालून बरोबर न्या. अपघात झाला असेल किंवा गाडी पुराच्या पाण्यात उभी राहिली असेल, तर मात्र कंपनी हरकत घेऊ शकते.

सर्व्हिस सेंटरमध्ये जॉब कार्ड भरतात, त्यावर नुसतं ‘नॉइज चेक’ लिहू देऊ नका. असं लिहायला सांगा: “ताशी ४० किलोमीटरच्या पुढे डाव्या पुढच्या चाकाकडून घरघर येते, उजवीकडे वळताना वाढते. बेअरिंग तपासावे.” तारीख, किलोमीटरचा आकडा आणि सही पाहून एक प्रत घ्या. “काही दोष नाही” असं म्हणाले, तर तेही लिहून घ्या. रागवायचं नाही, आवाज चढवायचा नाही. शांतपणे बसून लिहून घ्यायचं! मुदतीत नोंदलेली तक्रार पुढं मुदत संपल्यावरही तुमच्या बाजूनं बोलते.

बेअरिंग बदलून मिळालं, की पुन्हा ट्रायल घ्या. काढलेला भाग वॉरंटीत बहुधा कंपनीकडे जातो, पण बघायला मागायला हरकत नाही. नव्या भागाला किती मुदत, तेही बिलावर लिहून घ्या.

तरीही दाद लागली नाही तर?

आधी डीलरला आणि गाडीच्या कंपनीला लेखी कळवा. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. तो मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. १९७५ साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थाही मार्गदर्शन करतात. शेवटचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील द्यायलाच हवा असं नाही, मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत ती दाखल व्हावी लागते. तिथं तुमची जॉब कार्डं कामाला येतील, म्हणून ती लाइट बिलांच्याच फाइलमध्ये नीट लावून ठेवा.

आणि हो, आजच गाडीच्या कप्प्यातलं ते पुस्तक काढा. वॉरंटी संपण्याच्या एक महिना आधीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईनं गोल करा. त्या दिवशी गाडी दाखवून आणायची, घरघर असो वा नसो!