थंडी सोसायला रोप कसे शिकते?



पौषातली थंडी पडली की आमच्या उल्हासनगर कॅम्प २ मध्ये माणसे स्वेटर-मफलर शोधू लागतात. माणूस गोधडी ओढतो, जनावर गोठ्याच्या आडोशाला जाते. वाफ्यातल्या रोपाला मात्र जागचे हलता येत नाही. मग ते थंडी कशी काढते? हे समजून घेणे आपल्या फायद्याचे आहे. न समजल्याने काय होते, ते मी स्वतः पाहिले आहे.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळातली गोष्ट. बदलापूरकडच्या एका गावात उन्हाळी भाताची रोपे थंडीने पिवळी पडली होती. मी वाफा पाहिला आणि सांगून टाकले, "नत्र कमी पडले, युरिया द्या." त्यांनी दिला. रोपे हिरवी, लुसलुशीत झाली. पुढच्या चार रात्री कडक थंडी पडली आणि निम्मा वाफा बसला. घरची बाई शांतपणे म्हणाली, "भाऊसाहेब, पिवळी होती तेव्हा जिवंत तरी होती." ते बोलणे मी आजवर विसरलो नाही.

चूक कुठे झाली, ते आता सांगतो. वनस्पतीच्या अंगात अगदी अल्प प्रमाणात काही रसायने तयार होतात. त्यांना संजीवके म्हणतात. वाढ कधी करायची, कधी थांबायचे, पान कधी गाळायचे, याचे हुकूम ती देतात. थंडीच्या बाबतीत त्यांतली दोन ध्यानात ठेवावीत.

पहिले जिबरेलिन. हे वाढीचे संजीवक. त्याचा शोध भातातूनच लागला. जपानमध्ये एका बुरशीमुळे भाताची रोपे उंच आणि किडकिडीत होऊन मरत. बुरशीने सोडलेल्या द्रव्यामुळे हे घडते, असे कुरोसावा यांनी १९२६ मध्ये दाखवले. नाशिकचे बागाईतदार द्राक्षाचे मणी फुगवण्यासाठी हेच संजीवक वापरतात.

दुसरे अ‍ॅबसिसिक आम्ल. याची ओळख १९६० नंतरच्या दशकात पटली. हे सबुरीचे संजीवक. थंडी लागली की रोपात हे वाढते आणि जिबरेलिनचा जोर कमी होतो. गार मातीतून मुळांना पाणी नीट ओढता येत नाही. म्हणून हे आम्ल पानांची रंध्रे मिटवते आणि आतले पाणी राखते. पेशींत साखर आणि इतर रक्षक द्रव्ये साठू लागतात. त्यामुळे पेशीचे आवरण सहजी फाटत नाही. थोडक्यात, रोप खर्च आटोपते आणि शिल्लक जपते. दुष्काळी वर्षी शहाणे घर हेच करते.

थंड देशांतला गहू बर्फाखाली जगतो तो याच जोरावर. पण त्याला आधी काही आठवडे हळूहळू गारवा लागावा लागतो. भात मात्र उष्ण देशाचे पीक. गोठणे त्याला सोसत नाही, आणि पारा १० अंशांपर्यंत उतरला तरी कोवळे रोप आजारते. डिसेंबर २०१८ मध्ये निफाड भागात द्राक्षबागांतले दव गोठले होते. आपल्या उल्हास खोऱ्यात तेवढी थंडी पडत नाही, पण रोपवाटिकेला त्रास होण्याइतकी पडते.

तेव्हा, त्या वाफ्यातले रोप सबुरी धरून बसले होते. मी युरिया देऊन त्याला जबरीने वाढवले. कोवळी, पाणीदार वाढ झाली आणि थंडीने तिचाच घास घेतला. म्हणूनच, "थंडीचे औषध" म्हणून कुणी वाढीच्या संजीवकाची बाटली पुढे केली, तर आधी तिच्यावरचे नाव वाचावे. थंडीत रोपाला पळवणारे औषध नको असते.

मग काय करावे?

• बियाणे भिजवून, गोणपाटात उबेला ठेवून, मोड आणूनच पेरावे.
• वाफ्याला संध्याकाळी विहिरीचे पाणी द्यावे. ते रात्रीच्या हवेपेक्षा उबदार असते. सकाळी गार झालेले पाणी काढून टाकावे.
• रात्री वाफ्यावर पेंढा किंवा प्लॅस्टिकचा कागद काठ्यांच्या आधाराने घालावा. उन्हे आली की न चुकता काढावा.
• कडक थंडीत युरिया देऊ नये. थंडी ओसरून नवे पान हिरवे दिसले की थोडा थोडा द्यावा.
• लावणीची घाई करू नये. पावसाळ्यात तीन आठवड्यांत तयार होणारे रोप थंडीत महिन्याहून अधिक घेते.

घरात आजारी माणसाला आपण कामाला जुंपत नाही. त्याला ऊब देतो, पेज देतो आणि वाट पाहतो. रोपाचेही तसेच आहे. पिवळे दिसले म्हणून लगेच खताच्या गोणीकडे धावू नका. आधी रात्रीचा गारवा पाहा, मुळे उपटून पाहा. मुळे पांढरी असतील तर रोप जिवंत आहे. त्याला थोडा वेळ द्या.