पाण्याखालचा रंग

१९ मे २०१९ रोजी फिनलंडचा टापिओ लेहतिनेन फ्रान्समधल्या ले साब्ल-दोलॉन बंदरात शिरला, तेव्हा ‘गोल्डन ग्लोब’ शर्यत जिंकणाऱ्या जाँ-लुक व्हान डेन हीडला घरी पोहोचून जवळजवळ चार महिने झाले होते. शिडाच्या बोटीतून एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायची ही शर्यत. आपले अभिलाष टॉमी याच शर्यतीत हिंदी महासागरात वादळात सापडले, डोलकाठी मोडली आणि पाठीला जबर दुखापत झाली. लेहतिनेनची डोलकाठी शाबूत होती, शिडेही धड होती. तरीही त्याला ३२२ दिवस लागले; विजेत्याला २११. कारण त्याच्या ‘अ‍ॅस्टेरिया’च्या तळाला बार्नकल नावाच्या कवचधारी जीवांचे रानच माजले होते. बोट पाणी कापत नव्हती, ओढत होती.

भर समुद्रात धावणाऱ्या बोटीची ही गत, तर मरीनात, म्हणजे बोटी उभ्या करून ठेवायच्या बंदरात, महिनोन्‌महिने दोरखंडाला बांधून ठेवलेल्या बोटीचे काय होत असेल! मरीनातले पाणी संथ, उथळ आणि बाहेरच्यापेक्षा बहुधा कोमट. बोट जागची हलत नाही. चिकटू पाहणाऱ्या जीवाला याहून चांगली जागा कोणती? नवा पृष्ठभाग पाण्यात गेल्यावर काही तासांत त्यावर जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो, मग शेवाळ येते, मग बार्नकल, कालवे आणि नळीत राहणारे किडे. बार्नकलची अळी आधी पृष्ठभागावर चाचपत फिरते, जागा पसंत पडली की डोके खाली करून सिमेंटसारखा चिकट स्राव सोडते आणि जन्मभराची तिथलीच होते. चार्ल्स डार्विनने या प्राण्याच्या अभ्यासात आठ वर्षे घालवली होती. बोटमालकाला इतका वेळ नसतो.

यावर माणसाने शोधलेले उपाय जुनेच आहेत. पश्चिम किनाऱ्यावरच्या गलबतांच्या तळाला चुना आणि तेल-चरबी घोटून केलेला लेप देत. काजूच्या टरफलाचे तेल कोकणातल्या होड्यांना आजही लावतात. ओहोटीला होडी वाळूवर टेकवायची, तळ खरवडायचा, पुन्हा लेप द्यायचा. मेहनत मोठी, पण होडी रोज पाण्याबाहेर येत असेल तर पुरेशी. कायम पाण्यात राहणाऱ्या मोठ्या जहाजांना मात्र वेगळे काही हवे होते. ब्रिटिश आरमाराने १७६१ मध्ये ‘अलार्म’ या फ्रिगेटच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. जहाज वेस्ट इंडीजहून परतले तेव्हा पत्रे ठीक होते, पण ते ज्या लोखंडी खिळ्यांनी बसवले होते त्यांतले बरेच खिळे गंजून गेले होते. जे वाचले, त्यांच्याखाली पत्र्याच्या वेष्टणाचा तपकिरी कागद चुकून राहून गेला होता! दोन धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले की त्यांतला एक झिजतो, हे त्या कागदाने दाखवले.

पुढचा धडा रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्हीने दिला, तोही नकळत. १८२४ मध्ये त्याने तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडून त्याची झीज थांबवली. शास्त्र अचूक होते आणि प्रयोग फसला. झिजणे थांबलेल्या तांब्यावर बार्नकल आणि शेवाळ धडाधड वाढले. तांबे कामाचे ठरते ते पाण्यात किंचित विरघळत राहते म्हणून. आजच्या अँटिफाउलिंग, म्हणजे तळाला जीव चिकटू न देणाऱ्या, रंगाचा सारा कारभार याच गोष्टीवर उभा आहे. घराच्या भिंतीचा रंग टिकावा म्हणून लावतात, बोटीच्या तळाचा रंग हळूहळू संपावा म्हणून. त्यातला क्युप्रस ऑक्साइड पाझरत राहतो. या रंगांचा ठरावीक तांबूस-तपकिरी तोंडवळा त्याचाच.

मधल्या काळात माणसाला याहून जालीम औषध सापडले होते: टीबीटी, म्हणजे कथिलाचे एक सेंद्रिय संयुग. १९६० च्या दशकापासून ते सर्रास वापरात होते आणि त्याने तळ वर्षानुवर्षे स्वच्छ राहत. मग फ्रान्समधल्या आर्काशाँच्या उपसागरात कालवांची पैदास खालावली, शिंपले वेडेवाकडे झाले. काही गोगलगायींच्या माद्यांना नरांचे अवयव फुटले. फ्रान्सने १९८२ मध्ये २५ मीटरपेक्षा लहान बोटींवर या रंगाला बंदी घातली आणि त्यावर बंदी घालणारा २००१ चा आंतरराष्ट्रीय करार सप्टेंबर २००८ मध्ये अमलात आला. २०२३ पासून सायब्युट्रिन हे शेवाळनाशकही त्याच कराराच्या बंदीच्या यादीत आहे. तळ साफ राहण्याची किंमत शेजारच्या खाडीने का मोजावी, हा प्रश्न रास्तच आहे.

आता नव्या कोऱ्या फायबरग्लास बोटीकडे येऊ. चमचमणारा तळ पाहून मालकाला वाटते, यावर दोन हात फिरवले की झाले. नेमके इथेच बहुतेकांचे पैसे बुडतात. बोट साच्यातून सुटावी म्हणून साच्याला मेण लावलेले असते आणि त्याचा अंश बोटीच्या जेलकोटवर, म्हणजे बाहेरच्या चकचकीत थरावर, राहतो. रंगाचा कट्टर शत्रू हाच. आधी घासायला घेतले तर मेण ओरखड्यांत जाऊन बसते. म्हणून पहिले काम मेण काढणाऱ्या द्रावणाने, सतत फडकी बदलत, पुसण्याचे. झाले की नाही हे पाण्यानेच कळते. पाणी एकसंध पसरले तर ठीक, थेंब थेंब होऊन बाजूला झाले तर पुन्हा पुसा. त्यानंतर ८० ते १२० नंबरच्या सँडपेपरने घासून तळाची चमक पूर्ण घालवायची. नवी बोट अशी मळकट दिसू लागली की मालकाचा जीव कळवळतो, पण रंग धरायला तेवढीच जागा मिळते.

मग इपॉक्सी प्रायमर. फायबरग्लासमध्ये सावकाश पाणी शिरून फोड येतात, त्यांना ऑस्मोसिस म्हणतात. ते रोखण्यासाठी चार-पाच थर देतात. राखाडी, हिरवा असे रंग आलटून पालटून घेतले तर राहिलेली जागा लगेच दिसते. शेवटच्या थराला अंगठा लावून पाहायचा: ठसा उमटतो पण रंग बोटाला लागत नाही, अशा अवस्थेतच अँटिफाउलिंगचा पहिला हात दिला पाहिजे. ही वेळ हुकली तर दोघांची पकड बसत नाही आणि पुन्हा घासणे आले. कोकण-गोव्यात दमट हवेचे भान ठेवावे लागते. पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश उष्ण हवा. पावसाळ्यात उघड्यावर हे काम करू नये.

रंग किती घ्यायचा याचा ठोकताळा आहे. पाण्याच्या रेषेवरची लांबी गुणिले रुंदी आणि खोली यांची बेरीज. मध्यम आकाराच्या तळासाठी त्याच्या पाऊणपट. ९ मीटर लांब, ३ मीटर रुंद, दीड मीटर खोल बोटीचा तळ साधारण ३० चौरस मीटर भरतो. दोन हात सगळीकडे. तिसरा नाळेवर, सुकाणूच्या कडांवर आणि पाण्याच्या रेषेवर, कारण ऊन आणि ऑक्सिजन तिथे जास्त. रेषा आखण्याआधी पाण्याची टाकी, इंधन, नांगर असा सगळा भार धरावा, नाहीतर भरलेली बोट अपेक्षेपेक्षा खाली बसते. बोट ज्या टेकूंवर उभी असते तिथले डाग पाण्यात सोडताना पट्ट्यांवर उचलली की रंगवायचे. खोली मोजणाऱ्या यंत्राच्या तोंडावर नेहमीचा रंग नको. जस्ताच्या अ‍ॅनोडवर तर कसलाच नको. त्याने स्वतः झिजावे म्हणूनच तो लावलेला असतो.

अ‍ॅनोडची कथा मरीनात वेगळे वळण घेते. किनाऱ्यावरची वीज घेणाऱ्या बोटी अर्थिंगच्या तारेने नकळत एकमेकींशी जोडल्या जातात आणि शेजाऱ्याचा धातू वाचवायला आपला अ‍ॅनोड खर्ची पडतो. हे टाळण्यासाठी गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवतात. अ‍ॅल्युमिनियमच्या बोटीला तांब्याचा रंग लावणे हा तर शुद्ध आत्मघात. ‘अलार्म’चे खिळे आठवावेत.

भारतात मरीना अजून मोजक्याच. कोचीजवळच्या बोळगट्टी बेटावरची मरीना देशातली पहिली आंतरराष्ट्रीय दर्जाची म्हणून ओळखली जाते. बोटी मात्र इथे बनतात: गोव्यात दिवाडी बेटावरच्या अ‍ॅक्वेरियस शिपयार्डने ‘म्हादेई’ आणि ‘तारिणी’ या नौदलाच्या शिडाच्या बोटी बांधल्या, त्यांनी पृथ्वीप्रदक्षिणा केल्या.

कोणता रंग घ्यावा, याचे कंपनीच्या माहितीपत्रकातले उत्तर अर्धेच असते. हलत राहणाऱ्या बोटीला झिजता रंग शोभतो, आठवडेच्या आठवडे उभ्या बोटीला तोच रंग दगा देतो, आणि प्रत्येक मरीनाचे पाणी वेगळे. तेव्हा नवी बोट घेतलेल्यांनी डबा विकत घेण्याआधी धक्क्यावर फिरून ज्यांच्या बोटी वर्षभर तिथेच उभ्या आहेत त्यांना विचारावे: कोणता रंग, किती हात आणि मागच्या वेळी बोट वर काढली तेव्हा तळ कसा निघाला.