तान्ह्या बाळाची झोंप

पुणें-नाशिक रस्त्यावरील भोसरी हें पूर्वीं शेतकऱ्यांचें गांव होतें. 1970 सालीं पिंपरी, चिंचवड आणि आकुर्डी या गांवांसह त्याचा नगरपालिकेंत समावेश झाला, 1982 सालीं त्या नगरपालिकेची महानगरपालिका झाली, आणि कारखान्यांनीं गांवाचें रूप पार पालटून टाकलें. तेथें आज मराठवाडा, विदर्भ आणि परप्रांत यांतून आलेलीं कितीतरी कुटुंबें एकेका खोलींत संसार थाटून राहतात. बाप रात्रपाळीस गेलेला, आजी गांवीं राहिलेली, आणि तरुण आई तान्ह्या बाळाला कुशीशीं घेऊन निजलेली, हें तेथील नित्याचें चित्र आहे. जें बालसंगोपन पूर्वीं आजी, आत्या, शेजारीण अशा चारचौघींच्या देखरेखीखालीं चाले, तें आतां एकट्या आईच्या माथीं आलें आहे. तिच्या कानावर पडणारा उपदेश मात्र दहा तोंडांचा असतो. त्यांतील ग्राह्य कोणता आणि त्याज्य कोणता, याचा विचार भोसरींतील खोलींतच नव्हे, तर पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित घरांतही व्हावयास हवा.

निरोगी दिसणारें मूल रात्रीं दूध पिऊन निजावें आणि सकाळीं तें उठूंच नये, याहून दारुण प्रसंग कोणता? वैद्यकशास्त्रांत यास अकस्मात शिशुमृत्यु म्हणतात. एक वर्षाच्या आंतील मूल झोंपेंत दगावलें, आणि शवविच्छेदन, जागेची पाहणी व पूर्वेतिहास यांची कसून तपासणी करूनही कारण सांपडलें नाहीं, म्हणजे ही संज्ञा लावतात. असे मृत्यु बहुतांशीं पहिल्या सहा महिन्यांत, आणि त्यांतही दुसऱ्या ते चौथ्या महिन्यांच्या सुमारास, घडतात. आपल्याकडे अशा मुलाचें शवविच्छेदन क्वचितच होतें. त्यामुळें त्यांची खरी गणना होत नाहीं. जेथें शास्त्रीय तपास नाहीं, तेथें दृष्ट लागली, बाहेरची बाधा झाली, असले तर्क शिरतात. आणि अखेरीस सारा दोष त्या दुर्दैवी आईच्या पदरीं पडतो.

या बाबतींत पाश्चात्य देशांनीं केलेली चूक लक्षांत ठेवण्यासारखी आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर तेथें मुलांना पालथें निजविण्याचा सल्ला सर्रास दिला जाऊं लागला. अमेरिकेंतील डॉ. स्पॉक यांच्या घरोघरीं वाचल्या जाणाऱ्या बालसंगोपनाच्या पुस्तकांतही 1956 च्या आवृत्तीपासून तोच उपदेश होता. उताण्या मुलानें ओकारी केल्यास तें गुदमरेल, ही त्यामागील समजूत. इकडे 1985 सालीं हाँगकाँगमधील एका डॉक्टरांनीं दाखवून दिलें कीं, तेथील अत्यंत दाटीच्या घरांत असे अकस्मात मृत्यु फारच थोडे होतात. आणि तेथील आया मुलांना परंपरेनें उताणें निजवितात. पुढें अनेक देशांतील अभ्यासांनीं हा संबंध पक्का केला. 1991 सालीं ब्रिटन व न्यूझीलंड येथें आणि 1994 सालीं अमेरिकेंत 'मुलांना उताणें निजवा' अशी मोहीम सुरू झाली, आणि कांहीं वर्षांतच हे मृत्यु निम्म्याहून कमी झाले. 2005 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका चिकित्सेनें असें दाखविलें कीं, उपलब्ध पुरावा 1970 च्या सुमारासच नीट तपासला असता, तर एकट्या ब्रिटनमध्यें दहा हजारांवर मुलें वांचलीं असतीं. छापील अक्षर म्हणजे वेदवाक्य नव्हे, हा धडा शिक्षित कुटुंबांनीं यांतून अवश्य घ्यावा.

ओकारीची भीति निराधार आहे. मूल उताणें असतांना श्वासनलिका अन्ननलिकेच्या वरच्या बाजूस असते. वर आलेलें दूध तिच्यांत शिरावयाचें तर त्यास चढून जावें लागतें. मूल पालथें झालें कीं हा क्रम उलटतो. कुशीवर निजविलेलें मूल सहज पालथें होतें, म्हणून तोही मार्ग टाळावा. जागेपणीं मात्र, मोठें माणूस समोर बसलेलें असतांना, मुलाला थोडा वेळ पालथें ठेवणें त्याच्या मानेस व खांद्यांस हितकारक असतें.

अंथरूण सपाट आणि घट्ट असावें. डोकें गोल व्हावें म्हणून ठेवतात ती राईची उशी, मऊ गादी, तोंडाशीं लोळणारें दुपटें, कापसाचीं खेळणीं, यांपैकीं कांहींही झोंपेंत मुलाजवळ नको. झोळींत मुलाची हनुवटी छातीवर टेकून श्वास दबण्याचा संभव असतो. तेव्हां रात्रभर त्यांत ठेवूं नये. मुलानें आईच्या खोलींतच, पण स्वतःच्या वेगळ्या अंथरुणावर, निजावें. एका खोलीच्या घरांत हें अशक्य नाहीं: आईच्या हाताच्या अंतरावर जमिनीवर घट्ट घडी घातलेली लहानशी सतरंजी पुरे होते. ज्यानें मद्य घेतलें आहे, जो धूम्रपान करतो, किंवा जो पाळी करून थकून आला आहे, त्यानें तान्ह्या मुलाच्या अंथरुणांत मुळींच निजूं नये.

तंबाखू हा तर मुलाचा उघड वैरी. बिडी-सिगारेटच्या धुरानें अकस्मात मृत्यूचा धोका पुष्कळ वाढतो. आपल्या भागांतील कित्येक स्त्रिया दांतांस मशेरी लावतात व ती निरुपद्रवी समजतात. परंतु मुंबईंतील 1,217 गरोदर स्त्रियांच्या पाहणींत, जी 2004 सालीं प्रसिद्ध झाली, अशी धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांचीं मुलें सरासरीनें 105 ग्रॅम कमी वजनाचीं आढळलीं. आणि कमी वजनाच्या मुलाला सर्वच धोके अधिक असतात.

उष्णतेचा प्रश्नही विचारानें सोडवावा. नवजात व कमी वजनाच्या मुलाला उबेची गरज असते. त्याला आईच्या उघड्या छातीशीं धरून ठेवणें हा सर्वांत उत्तम उपाय आहे. उलट तीन महिन्यांच्या गुटगुटीत मुलाला चैत्र-वैशाखांत पत्र्याच्या खोलींत टोपडें, मोजे आणि दोन दुपट्यांत गुंडाळणें अपायकारक होय. बंद खोलींत कोळशाची शेगडी ठेवून शेक देण्याची चाल तर प्राणघातक आहे. तिच्यांतून निघणारा विषारी वायु डोळ्यांस दिसत नाहीं व नाकास कळत नाहीं.

अंगावरचें दूध हें मुलाचें पहिलें कवच. जन्मानंतर तासाभरांत तें सुरू करावें, आणि सहा महिने त्यावांचून पाणी, गुटी वा मध कांहींच देऊं नये. ज्या मुलांना आईचें दूध मिळूं शकत नाहीं, त्यांच्यासाठीं मुंबईंतील शीव रुग्णालयांत डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनीं 1989 सालीं मातृदुग्धपेढी स्थापिली; आशिया खंडांतील ती पहिली होती. लसीमुळें मूल दगावतें हा प्रवाद खोटा आहे. ज्या महिन्यांत हे मृत्यु अधिक होतात, त्याच महिन्यांत लशीही टोंचल्या जातात, एवढाच त्यांचा योगायोग; टोंचलेल्या मुलांत हा धोका वाढलेला आढळत नाहीं, उलट कमीच आढळतो.

तथापि आपल्याकडे मुलें अधिक दगावतात तीं अपुऱ्या दिवसांचीं जन्मल्यामुळें, जन्मतांना गुदमरल्यामुळें आणि जंतुसंसर्गामुळें. 2020 च्या शासकीय गणनेनुसार महाराष्ट्रांत दर हजार जन्मांमागें 16 मुलें वर्षाच्या आंत गेलीं. त्यांपैकीं 11 पहिल्याच महिन्यांत. त्यावर उपाय आहे हें गडचिरोलीनें सिद्ध केलें. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनें तेथील 39 खेड्यांत गांवच्याच स्त्रियांना नवजात बालकांची शुश्रूषा शिकविली. 1999 सालीं प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार तेथील नवजात मृत्यूंचें प्रमाण 62 टक्क्यांनीं घटलें. भारत सरकारनें 2011 सालीं हीच पद्धति देशभर स्वीकारली. रुग्णालयांत बाळंत झालेल्या मातेच्या घरीं आशा सेविकेनें तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशीं यावें, असा नियम आहे. सुशिक्षित घरांनीं तिला दारावरूनच परत धाडूं नये.

मूल दूध ओढीनासें झालें, मलूल पडलें, अंगास फार तापलें किंवा गार लागलें, त्यास झटके आले, श्वास घेतांना बरगड्यांखालीं खळगा पडूं लागला, किंवा दोन महिन्यांच्या आंतील मुलाचे श्वास मिनिटास 60 किंवा त्याहून अधिक झाले, तर अंगारा-धुपाऱ्यांत घटकाही न दवडतां त्यास रुग्णालयांत न्यावें. 108 या क्रमांकावर रुग्णवाहिका विनामूल्य मिळते.

इतकी काळजी घेऊनही एखादें मूल हातचें जातें. या उपायांनीं धोका घटतो. तो समूळ नाहींसा होत नाहीं. अशा वेळीं आईस दूषण देणें हें अज्ञान तर खरेंच, पण क्रौर्यही आहे. तिच्या शेजारीं बसावें, तिला बोलूं द्यावें, रडूं द्यावें. आणि पुढील बाळाच्या वेळीं रात्रपाळीहून परतलेल्या बापानेंही, स्वतः निजण्यापूर्वीं, आपलें बाळ उताणें निजलें आहे ना, एवढें एकदां पाहावें.