कोपऱ्यांतील मुद्रा

महालांतील आमचा वाडा पाडावयाचा ठरला, तेव्हां वाटणीचा प्रसंग आला. नागपुरांतील जुन्या घरांस हा प्रसंग आतां नवा राहिलेला नाहीं. भांड्याकुंड्यांची वाटणी एका दुपारीं उरकली. देव कोणीं न्यावयाचे हेंही फारसा वाद न होतां ठरलें. अडलें तें छायाचित्रांपाशीं. माळ्यावरच्या शिसवी पेटींतून चारशेंहून अधिक चित्रें निघालीं, आणि घराण्याच्या पांचही शाखांस तीं सगळीं हवीं होतीं. एका चित्राचे पांच भाग करतां येत नाहींत, हें सांगावयास पंच नकोत.

तोड काढली ती थोरल्या पुतण्याच्या मुलानें. तो संगणकाच्या व्यवसायांत आहे. मूळ चित्रें एकाच घरीं राहावींत, आणि स्कॅनरवर घेतलेल्या त्यांच्या प्रती पुण्यास, इंदुरास, अमेरिकेंत, जेथें जेथें आपलीं माणसें आहेत तेथें जाव्यात, असें त्यानें सुचविलें. वैशाखाच्या उन्हांत, दारें लावून, कूलरपुढें बसून त्यानें तें काम आठ दिवसांत पुरें केलें. मग प्रश्न निघाला कीं, प्रती घराबाहेर जावयाच्या, तर त्या कोठून आल्या हें कोणास कसें कळावें?

हा प्रश्न निघण्यास एक जुनें कारण होतें. डिसेंबर १९२० मध्यें विजयराघवाचार्यांच्या अध्यक्षतेखालीं नागपुरास काँग्रेसचें अधिवेशन भरलें. त्या वेळच्या स्वयंसेवकांच्या एका तुकडीचें चित्र आमच्या घरीं आहे. दुसऱ्या ओळींत आमचे आजोबा उभे आहेत. कोणा पाहुण्यानें तें मोबाईलवर टिपून नेलें. सहा महिन्यांनीं तेंच चित्र फिरत फिरत आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲपवर परत आलें, तेव्हां त्याच्या ऐन मध्यावर कोणा अपरिचिताची ठळक मुद्रा विराजमान झालेली होती. आजोबांचा खांदा तिच्याखालीं झांकला गेला होता. घरांतील सर्वांस त्याचा मनस्वी राग आला. म्हणून या वेळीं एकमतानें ठरलें कीं, प्रत्येक प्रतीवर आपल्या घराण्याची मुद्रा असावी. ती एकाच घाटाची असावी, आणि सर्वत्र एकाच जागीं असावी.

मुद्रा उमटविण्याची चाल आपल्याकडे कांहीं नवी नाहीं. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण नित्य वापरतों, पण त्यांतील दोन गोष्टी निरनिराळ्या होत्या हें सहसा ध्यानांत येत नाहीं. मोडी कागदांत मुख्य शिक्का मथळ्याशीं असे. मजकूर संपतांच त्याच्या खालीं एक लहान मुद्रा उमटवीत, तें मोर्तब. शिवकालीन पत्रांच्या शेवटीं दिसणारी ‘मर्यादेयं विराजते’ ही मुद्रा याच कामाची. येथें मर्यादा झाली, यापुढें कोणीं ओळ घुसडूं नये, असा तिचा अर्थ. कागदाला कागद डकवून लांब पत्र केलें असेल, तर पाठीमागें सांध्यावरही शिक्का मारीत, म्हणजे मधला एखादा तुकडा कोणास बदलतां येऊं नये. या सर्व मुद्रांचा एक गुण पाहण्यासारखा आहे. त्या मजकुराच्या वर, खालीं, पाठीमागें असत. अक्षरावर बसत नसत.

कागदांतील जलचिन्हाचाही हाच गुण आहे. इटलींत फाब्रियानो येथील कागद करणाऱ्यांनीं तेराव्या शतकाच्या अखेरीस ही युक्ति काढली. साच्याच्या जाळीवर बारीक तारेची आकृति बसविली, म्हणजे त्या ठिकाणीं लगदा पातळ बसतो, आणि कागद उजेडासमोर धरला कीं आकृति दिसूं लागते. आपल्या देशाच्या टपालाच्या तिकिटांत १८६५ पासून हत्तीच्या मस्तकाचें आणि १८८२ पासून ताऱ्याचें जलचिन्ह असे. त्या व्यवस्थेंत प्रत्येक तिकिटाच्या पाठीशीं एक तारा यावा म्हणून कागद आणि छपाई यांचा मेळ बरोबर बसवावा लागे. नाशिकच्या सरकारी छापखान्यांत १९२६ पासून तिकिटें छापलीं जाऊं लागलीं, तेव्हां कागदांत अनेक तारे विखुरलेले आले. मग कागद कसाही सरकला तरी प्रत्येक तिकिटाच्या वांट्यास तारे येतच. सगळ्या प्रतींवर एकसारखी खूण कशी आणावी, या प्रश्नाचीं हीं दोन जुनीं उत्तरें. आजही संगणकावर चित्रांना खूण करणारे याच दोन वाटांनीं जातात. कोणी एका कोपऱ्यांत एक मुद्रा ठेवतो, तर कोणी सबंध चित्रावर फिकट मुद्रांची जाळी पसरतो.

जुने छायाचित्रकारही मर्यादा पाळीत. आमच्या पेटींतील स्टुडिओचीं चित्रें जाड पुठ्ठ्यावर डकविलेलीं आहेत, आणि स्टुडिओचें नांव व गांव पुठ्ठ्याच्या खालच्या कडेस, कोठें सोनेरी अक्षरांत, कोठें दाबून उठविलेल्या ठशानें दिलेलें आहे. १८९४ सालीं मुंबईस निघालेल्या व पुढें मळवलीस गेलेल्या रविवर्मा छापखान्याचीं देवादिकांचीं चित्रें ज्यांच्या देवघरांत असतील, त्यांनीं खालची कड पाहावी. छापखान्याचें नांव तेथें आढळतें. लक्ष्मीच्या पदरावर तें कोणीं छापलें नाहीं.

हें सर्व आम्हांस ठाऊक होतें. तरीही आमच्या हातून चूक झाली, आणि ती सांगण्यासाठींच हा लेख लिहीत आहों.

मुद्रा तयार झाली ती अशी: वर्तुळांत वाड्याचा दिंडीदरवाजा, आणि त्याखालीं घराण्याचें नांव. ती चित्रांवर बसविण्यासाठीं इमेजमॅजिक हें विनामूल्य मिळणारें साधन घेतलें. जॉन क्रिस्टी यांनीं १९८७ मध्यें ड्यूपाँ कंपनींत असतांना तें रचण्यास आरंभ केला, आणि एका आज्ञेनें शेंकडों चित्रांवर एकच संस्कार करण्याची सोय त्यांत आहे. पहिल्या खेपेस आम्हीं नांव अक्षरांनीं लिहिण्याची आज्ञा दिली, तर जोडाक्षरें फुटलीं आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरापुढें जाऊन बसली. देवनागरी अक्षरांची जुळणी करणारा भाग साधनास जोडलेला नसला म्हणजे असें होतें. मग नांवासह मुद्रेचेंच एक पारदर्शक चित्र करून ठेविलें, तेव्हां तें दुखणें गेलें. दुसऱ्या खेपेस मुद्रेचें माप ठराविक ठेविलें होतें. ती मोठ्या चित्रावर मुंगीएवढी आणि लहान चित्रावर ताटाएवढी दिसूं लागली. तेव्हां चित्राच्या रुंदीचा आठवा हिस्सा असें प्रमाण ठरविलें. जागेसाठीं या साधनांत दिशांचीं नांवें आहेत. चित्राची वरची कड उत्तर समजावयाची. म्हणजे खालचा उजवा कोपरा आग्नेय. आम्हीं आग्नेय सांगितली. चहा होईपर्यंत चारशेंवर चित्रें मुद्रांकित झालीं. सगळ्यांनीं मुलाची पाठ थोपटली.

रात्रीं जेवणें झाल्यावर थोरल्या वहिनी चित्रें पाहत बसल्या होत्या. बऱ्याच वेळानें त्यांनीं विचारलें, “भाऊजी, ह्या चित्रांत आत्याबाई कुठें आहेत हो?”

आत्याबाई म्हणजे आमच्या वडिलांची थोरली बहीण. चवदाव्या वर्षीं वैधव्य घेऊन ती माहेरीं आली, आणि पुढील जवळजवळ पन्नास वर्षें याच वाड्यांत राहिली. आमच्या वडिलांपासून आमच्यापर्यंत दोन पिढ्या तिनें अंगाखांद्यावर वाढविल्या. मुंजी, लग्नें, डोहाळजेवणें यांचा सारा स्वयंपाक तिचा. पण छायाचित्र काढावयाच्या वेळीं मध्यभागीं बसण्याचा अधिकार तिला नव्हता. ती सर्वांच्या शेवटीं येई, आणि उरलेल्या जागेवर, बहुधा खालीं जमिनीवर उजव्या टोकास, एखादें रडतें मूल मांडीवर घेऊन बसे. आम्हीं चित्रें मोजलीं. ती ज्यांत असावयास हवी अशीं तेवीस निघालीं. त्यांपैकीं एकोणीस चित्रांत दिंडीदरवाज्याची ती सुरेख मुद्रा तिच्या तोंडावर बसली होती.

यंत्रानें कसलाही पंक्तिप्रपंच केला नव्हता. वराच्या चित्रास जें माप, तेंच विहिणीच्या चित्रास. सर्वांस सारखा न्याय दिला, आणि त्या सारखेपणांतूनच हा अन्याय निपजला. कारण चित्रांतील माणसें मुळांतच सारखीं बसविलेलीं नव्हतीं. ज्या कोपऱ्याला आम्ही मोकळा समजत होतों, तो मोकळा नव्हता. ज्यांना दुसरी जागा नव्हती त्यांचा तो कोपरा होता. घराच्या रचनेंत आग्नेयेस स्वयंपाकघर असावें असें वास्तुशास्त्र सांगतें. आमच्या वाड्यांतही तें तेथेंच होतें. आत्याबाईचा जन्म त्या कोपऱ्यांत गेला, आणि चित्रांतही तिला कोपरा मिळाला तो तोच. अपरिचितानें आजोबांचा खांदा झांकला म्हणून आम्ही रागावलों. आम्हीं तर घरच्या माणसाचें तोंड झांकलें, आणि वहिनींखेरीज कोणाच्या तें ध्यानांतही आलें नाहीं.

सुदैवानें मूळ प्रती शाबूत होत्या. या साधनांतील मॉग्रिफाय नांवाची आज्ञा, निराळी जागा सांगितली नाहीं तर, मूळ चित्राच्या जागींच नवें चित्र लिहिते. मुलानें आधींच सर्व प्रती दुसऱ्या डिस्कवर उतरून ठेविल्या होत्या, म्हणून निभावलें. ज्यांना हें काम करावयाचें असेल त्यांनीं मूळ प्रतीस कदापि मुद्रा लावूं नये. जी प्रत बाहेर जाणार, तिलाच लावावी.

दुसऱ्या दिवशीं कामाची रीत बदलली. चित्रावर मुद्रा ठेवण्याऐवजीं प्रत्येक चित्राच्या खालीं एक कोरी पट्टी जोडण्याची आज्ञा दिली, आणि मुद्रा त्या पट्टींत ठेविली. जुन्या स्टुडिओंचा पुठ्ठा परत आला म्हणावयाचा. ही पट्टी कोणी कापून टाकील, ही शंका खरी आहे. परंतु कोपऱ्यांतील मुद्राही कापतां येते. आणि चोर कापील या भीतीनें आपणच आपलें चित्र विद्रूप करून ठेवावें, यांत शहाणपण नाहीं. पट्टीशिवाय चित्राच्या संगणकीय प्रतींतही नांव, स्थळ व वर्ष लिहून ठेवितां येतें. मात्र व्हॉट्सॲपवर चित्र म्हणून पाठविलें कीं ती माहिती गळून पडते. तेंच दस्तऐवज म्हणून पाठविलें तर टिकते.

मुद्रेचे शब्दही बदलावे लागले. आधीं आम्हीं घराण्याच्या नांवापुढें ‘सर्व हक्क स्वाधीन’ असें घातलें होतें. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचें १७ वें कलम असें आहे कीं, मोबदला देऊन कोणीं छायाचित्र काढवून घेतलें, तर उलट करार नसल्यास त्याचा पहिला मालक तें काढवून घेणाराच होय. चित्रासोबत जोडलेली हक्काविषयींची माहिती जाणूनबुजून व विनापरवाना काढून टाकणें हा २०१२ च्या दुरुस्तीनें दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हाही झाला आहे. पण स्वयंसेवकांचें तें चित्र आमच्या आजोबांनीं पैसे देऊन काढविलें होतें काय? तशी एकही चिठ्ठी पेटींत नाहीं. त्यांत इतर बावीस घरांचींही माणसें उभीं आहेत. त्यावर आमची मालकी लिहिणें म्हणजे त्या अपरिचिताचाच कित्ता गिरविणें होय. म्हणून आतां मुद्रेखालीं ‘संग्रह’ एवढाच शब्द आहे. चित्र कोणापाशीं होतें एवढेंच ती सांगते, कोणाचें आहे तें सांगत नाहीं.

पट्टींत जागा बरीच उरली होती. वहिनींनीं सुचविलें कीं, तींत चित्रांतील माणसांचीं नांवें डावीकडून उजवीकडे लिहावीं. लिहीत लिहीत उजव्या टोकास आलों तों लेखणी अडली. आत्याबाईचें नांव आमच्यापैकीं कोणास ठाऊक नव्हतें! सारें घर तिला आत्याबाई म्हणे. चित्रांच्या पाठीवर पुरुषांचीं नांवें हुद्द्यांसकट लिहिलेलीं, आणि तिच्या जागीं कांहींच नाहीं. शेवटीं इंदूरच्या शाखेंतील नव्वदी उलटलेल्या काकूंस फोन केला. त्यांनीं तें क्षणांत सांगितलें, सासरचें आणि माहेरचेंही. सासरीं ती अवघे अकरा महिने नांदली होती. आम्हीं माहेरचें नांव लिहिलें.

पहिल्या दिवशीं यंत्रानें जें काम चहा होण्याच्या आंत उरकलें, त्यास दुसऱ्या खेपेस तीन दिवस लागले. पट्टी आणि मुद्रा यांना पूर्वींप्रमाणेंच कांहीं क्षण पुरले; बाकीचा वेळ वहिनींनीं एकेक चित्र डोळ्यांखालून घालण्यांत गेला. त्यांनीं पाहून मान हलविल्याशिवाय आमच्या घरांतून आतां एकही चित्र बाहेर जात नाहीं, आणि ते तीन दिवस फुकट गेले असें मुलगासुद्धां म्हणत नाहीं.